लॉग फाइल शून्य बाइट का?

गेल्या शुक्रवारी रात्री सर्व्हरवर एक पायथन स्क्रिप्ट लावली. आउटपुट पाइपमधून लॉग फाइलमध्ये. दहा मिनिटं झाली तरी फाइल शून्य बाइट! अडकली म्हणून 'किल -9' मारला. मग डेटाबेस बघितला, तर दीड-दोनशे नोंदी बदललेल्या. शेवटची कुठली, ते सांगायला लॉगच नाही. अख्खा शनिवार जुळवाजुळवीत गेला. म्हटलं, ही भानगड मुळापासून बघूच.

1964 साली बेल लॅब्समधल्या डग मॅकिलरॉयनं एका टिपणात लिहिलं होतं की बागेतल्या नळ्यांसारखे प्रोग्राम एकमेकांना जोडता यायला हवेत. 1973 मध्ये केन थॉम्पसननं युनिक्समध्ये पाइप आणले. नळी जोडली गेली, पण पाणी सोडायचं कसं? एकेका अक्षरासाठी कर्नलला हाक मारणं त्या काळच्या मशीनला फार महाग. 1972च्या सुमारास माइक लेस्कनं इनपुट-आउटपुटचं एक पॅकेज लिहिलं होतं. त्यातूनच युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतली (1979) 'स्टँडर्ड आय-ओ' लायब्ररी झाली. अक्षरं प्रोग्रामच्याच मेमरीत साठवायची आणि एकदम कर्नलच्या हवाली करायची.

आम्हा नाशिककरांना हे नवीन नाही. गंगापूर धरणातून शेतीला पाणी थेंब थेंब देत नाहीत, आवर्तन सोडतात.

पण टर्मिनलसमोर माणूस बसलेला असतो, त्याला ताटकळत कसं ठेवणार? 1989च्या अन्सी सी मानकानं नियम घातला: समोर टर्मिनलसारखं उपकरण नाही अशी खात्री असेल तरच आउटपुट पूर्ण बफर करायचं. एररचा प्रवाह मात्र कधीच पूर्ण बफर करायचा नाही. पायथन 3चा बफर स्वतःचा आहे, पण रीत हीच. म्हणून तीच स्क्रिप्ट टर्मिनलवर ओळीओळीनं बोलते आणि पाइपमध्ये गप्प बसते.

माझ्या पायथनचा बफर 8 किलोबाइटचा. दोनशे छोट्या ओळींनी तो भरलाच नव्हता. साध्या 'किल'ला प्रोग्रामला आवरासावर करता येते, 'किल -9'ला तेवढीही सवड नसते. मेमरीतल्या ओळी प्रोग्रामबरोबरच गेल्या.

उपाय सोपे आहेत. पायथनला '-यू' द्या किंवा प्रिंटमध्ये 'फ्लश' लावा. सी मध्ये 'एफफ्लश' आहे. सी लायब्ररीवरच्या प्रोग्रामांसाठी 2009 पासून ग्नू कोअरयुटिल्समध्ये 'एसटीडीबफ' आहे.

असो. आता लॉग रिकामा दिसला की आधी विचारतो, आवर्तन सुटलंय का? 'किल'चं नंतर बघू.