टिनमधला मासा आणि लंगरची फोडणी

बंगळूरच्या पोस्टिंगमध्ये रविवार मोकळा मिळाला की मी शिवाजीनगरच्या रसेल मार्केटमध्ये मासे बघायला जायचो. कोकणातल्या माणसाची ही खोड जात नाही. बंगळूरला समुद्र नाही, मासा बर्फात घालून बाहेरून येतो, तरी गाळ्यांवर बांगडा, सुरमई, पापलेट सगळं ओळीने मांडलेलं असतं. तिथल्या एका विक्रेत्याकडे रावस मागितला तर तो म्हणाला, "साहेब, इंडियन सॅमन म्हणा की!"

हे नाव इंग्रजांच्या काळापासून चालत आलेलं आहे. खरं म्हणजे रावस आणि सॅमन यांचं काही नातं नाही. सॅमन हा थंड पाण्यातला मासा. तो अटलांटिक आणि पॅसिफिकच्या उत्तर भागात राहतो आणि अंडी घालायला नदीत चढतो. आपल्या किनाऱ्यावर तो कधीच नव्हता. त्यामुळे हिंदुस्थानात बहुतेकांची त्याच्याशी पहिली भेट झाली ती पत्र्याच्या डब्यातून. आणि पत्र्याचा डबा म्हटला की विषय आपल्या, म्हणजे फौजेच्या, अंगणात येतो.

टिनचा जन्मच लढाईच्या गरजेतून झाला. नेपोलियनच्या फौजा लांब लांब जात होत्या आणि अन्न वाटेतच सडत होतं. निकोला अपेर नावाच्या फ्रेंच हलवायाने काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बूच घट्ट लावून, त्या पाण्यात उकळल्या. अन्न टिकलं. १८१० मध्ये फ्रेंच सरकारने त्याला १२,००० फ्रँक दिले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरंडने काचेऐवजी पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं आणि १८१३ च्या सुमारास डबाबंद मांस ब्रिटिश सैन्याला आणि नौदलाला मिळू लागलं. गंमत अशी की डबा आला, पण तो उघडायचं हत्यार यायला आणखी चाळीसेक वर्षं लागली. तोवर शिपाई छिन्नी-हातोडीने नाहीतर संगिनीने डबा फोडत होते. आजही पोस्टवर ओपनर हरवला की आपण त्याच काळात जातो, हे माजी सैनिकांना वेगळं सांगायला नको.

सॅमनचा डबा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा. १८६४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो नदीवर हॅपगुड, ह्यूम आणि कंपनीने तिथला पहिला कारखाना काढला. पुढे कोलंबिया नदी आणि अलास्कापर्यंत हा धंदा पसरला. कच्चा मासा तुकडे करून डब्यात भरायचा, डबा बंद करायचा आणि मग दाबाच्या वाफेवर शिजवायचा. त्यामुळे आतलं हाडसुद्धा बोटाने चुरडता येईल इतकं मऊ होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लंगरमध्ये उपयोगी पडेल.

हे डबे हिंदुस्थानच्या छावण्यांत पोचले आणि साहेबांच्या टेबलावर चढले. बंगळूरची छावणी १८०९ ची, मद्रास आर्मीची. त्याच मद्रास आर्मीच्या घोडदळात आर्थर केनी-हर्बर्ट नावाचा एक अधिकारी होता. 'वायव्हर्न' या टोपणनावाने त्याने १८७८ मध्ये मद्रासहून स्वयंपाकावर एक पुस्तक काढलं. हाताशी ताजा माल असताना मेजवानीला विलायती टिन उघडण्याच्या फॅशनवर त्याने चांगलीच टीका केली आहे. साहेबाला टिनमधला मासा हवा होता तो चवीसाठी नव्हे, तर घरच्या आठवणीसाठी आणि थोडा प्रतिष्ठेसाठी. त्याच छावणीतल्या हिंदी शिपायाला मात्र त्या डब्याशी देणंघेणं नव्हतं. त्याचं रेशन म्हणजे आटा, तांदूळ, डाळ, तूप, मीठ, आणि चूल ज्याची त्याची.

शिपाई परदेशी लढायला गेला तेव्हा ही व्यवस्था अडचणीत आली. पहिल्या महायुद्धात बुली बीफचे डबे गोऱ्या पलटणींना चालत होते, हिंदूंना नाही. डुकराचं मांस मुसलमानांना नाही. फ्रान्सच्या आघाडीवर हिंदी पलटणींसाठी जिवंत बकरे न्यावे लागत आणि झटका व हलाल यांची सोय वेगळी ठेवावी लागे. तिथे पुरवठ्याची साखळी शाबूत होती म्हणून निभावलं. मेसोपोटेमियात निभावलं नाही.

कुत-अल-अमाराचा वेढा ७ डिसेंबर १९१५ ला सुरू झाला. आत जनरल टाउनशेंडची सहावी पुणे डिव्हिजन होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची पोरं तैग्रिस नदीच्या एका वळणात अडकली. धान्य संपत आलं तसे घोडे आणि खेचरं कापायला घेतली. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्लं. बहुतेक हिंदी शिपायांनी नकार दिला. आपल्याकडच्या धर्मगुरूंकडून तारेने परवानगी मागवली गेली, ती आलीसुद्धा. तरी कित्येक आठवडे शिपाई तयार नव्हते. गावी परतल्यावर जात काय म्हणेल, मुलींची लग्नं होतील का, ही भीती उपासमारीपेक्षा मोठी होती. शेवटच्या दिवसांत अनेकांनी ते खाल्लं, पण तोवर शरीरं खचली होती. ताजी भाजी नाही, मांस नाही, म्हणून हिंदी शिपायांत स्कर्व्ही पसरला. पांढऱ्या पिठाच्या पावावर राहिलेल्या गोऱ्यांना बेरीबेरी झाला. त्यातून हिंदी शिपाई वाचला तो आपल्या कोंड्यासकटच्या आट्यामुळे. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि सुमारे १३,००० माणसं कैदेत गेली. त्यांतली हजारो परत आली नाहीत.

कुतची गोष्ट सांगताना ती सेनापतींच्या चुकांची सांगतात, आणि त्या होत्याच. पण मला त्यात लंगर दिसतो. रेशनच्या वहीत 'मांस' म्हणून आकडा लिहिला म्हणजे ते शिपायाच्या पोटात गेलं असं होत नाही. वही आणि पोट यांच्यामध्ये एक माणूस उभा असतो, तो म्हणजे रसोइया. समोरच्या वस्तूला 'आपलं जेवण' करून दाखवणं हे त्याचं काम. कुतमध्ये धर्माची आणि गावाची भिंत इतकी उंच होती की कोणताही रसोइया ती ओलांडू शकला नसता. इतर ठिकाणी मात्र तो रोज एखादी लहान भिंत ओलांडत असतो.

टिनमधला मासा ही अशीच एक लहान भिंत. त्यात झटका-हलालचा प्रश्न येत नाही. गाय नाही, डुक्कर नाही. शाकाहारी सोडले तर एकाच कढईतून सगळ्या पलटणीला वाढता येतो. अडचण धर्माची नाही, चवीची आणि वासाची. मी सॅमनचे टिन पहिल्यांदा यूएन मिशनच्या रेशनमध्ये पाहिले. आपल्या उंचावरच्या पोस्टवर वेगळा मासा यायचा. पण डब्यावर काय छापलंय याला लंगरमध्ये महत्त्व नसतं, तिथे सगळ्याचं नाव 'टिन फिश'. पहिल्यांदा डबा उघडला की निम्मी पोरं नाक मुरडतात. उंचीवर आधीच भूक मरते. जवान ताट तसंच ठेवून उठू लागला की आठवड्याभरात त्याचा चेहरा सांगतो. तेव्हा रसोइयाचा हात कामाला येतो.

उंचीवर टिनमधल्या माशाचा एक मोठा फायदा आहे. १५,००० फुटांवर पाणी सुमारे ८५ अंशांनाच उकळतं. कुकरशिवाय डाळ शिजत नाही, भात कच्चा राहतो, केरोसीन मात्र जळत राहतं. मासा आधीच शिजलेला असल्याने त्याला फक्त गरम करायचं असतं. त्यामुळे पहिला नियम: मसाला पूर्ण होऊ द्यायचा आणि मासा शेवटच्या दोन मिनिटांत घालायचा. आधी घातला तर त्याचा भुगा होतो आणि वास वाढतो. दुसरा नियम: डब्यातलं पाणी फेकायचं नाही, चव त्यातच असते. मीठही असतं, म्हणून चाखल्याशिवाय वरून मीठ नाही. तिसरा: हाडं काढत बसायचं नाही, चमच्याने चुरडून त्यातच मिसळायची. कॅल्शियम फुकट मिळतं. चौथा: बंद डबा थेट स्टोव्हवर ठेवायचा नाही, तो फुटतो. गोठला असेल तर गरम पाण्यात ठेवायचा. आणि फुगलेला डबा कितीही भूक लागली तरी उघडायचा नाही.

बाकी ज्याचा जो मुलूख. आमचा सिंधुदुर्गाकडचा एक हवालदार सुट्टीहून येताना मालवणी मसाला आणि आमसुलं आणायचा. कांदा-लसूण परतून, मसाला घालून, डब्यातल्या पाण्याचाच रस्सा करायचा. त्यात दोन आमसुलं आणि शेवटी मासा. भाताबरोबर ते वाढलं की नाक मुरडणारेच दुसऱ्यांदा ताट पुढे करत. बंगाली नायक तर शिजवायचाच नाही. कच्चा कांदा, मिरची आणि कच्चं मोहरीचं तेल घालून हाताने कुस्करायचा, झाला भर्ता. मद्रास सॅपर्सचा एक जवान अटॅचमेंटवर होता, तो चिंचेच्या कोळात कढीपत्ता आणि मोहरीची फोडणी देऊन आमटीसारखं पातळ करायचा. लडाखी पोरं तो नूडल्सच्या रश्श्यात टाकत. बटाटे मिळाले तर त्यात मासा मळून, खारी बिस्किटं कुटून वर लावून टिक्क्या तळायचो. काहीच नसेल तर कांदा-मिरचीवर अंड्यासारखी भुर्जी आणि चपाती. यातली एकही रेसिपी कुठल्या मॅन्युअलमध्ये नाही.

हीच अक्कल बंगळूर शहराने सिव्हिलमध्ये दाखवली आहे. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिथून येणारा तांदूळ बंद झाला. इडलीचं शहर अडचणीत आलं. १९२४ पासून चालत आलेल्या मावळ्ळी टिफिन रूम्सने, म्हणजे एमटीआरने, तांदळाऐवजी रवा वापरून इडली केली. रवा इडली आपण तेव्हाच शोधली असं एमटीआरवाले सांगतात. आज लालबागजवळ त्यासाठी रांगा लागतात. रांगेतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल की ताटातली वस्तू ब्रह्मदेशच्या माघारीची मुलगी आहे.

टिनचा पुढचा अध्यायही याच भागात लिहिला गेला. बंगळूरपासून दीडशे किलोमीटरच्या आत म्हैसूर. तिथे १९५० मध्ये महाराजांच्या चेलुवांबा महालात अन्न तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था, सीएफटीआरआय, उघडली आणि १९६१ मध्ये खास फौजेसाठी डीएफआरएल ही प्रयोगशाळा आली. पत्र्याचा डबा जड, रिकामा झाला तरी जागा अडवतो, बर्फात पुरला तर शंभर वर्षं तसाच राहतो. डीएफआरएलने तेच काम चपट्या पाकिटात आणलं. पाकिटात तयार जेवण भरून दाबाखाली शिजवायचं, म्हणजे अपेरचीच युक्ती. ३ एप्रिल १९८४ ला राकेश शर्मा अंतराळात गेले तेव्हा त्यांच्याबरोबर म्हैसूरचा सुजी हलवा होता. दहाच दिवसांनी, १३ एप्रिलला, आपले जवान सियाचीनवर उतरले. पुढे एमटीआरने डीएफआरएलचंच तंत्रज्ञान घेऊन तयार जेवणाची पाकिटं बाजारात आणली. आज पुण्यातला मुलगा अमेरिकेला शिकायला जाताना बॅगेत जी पाकिटं भरतो, त्यांच्यामागे फौजेची भूक आहे.

बंगळूरचं एएससी सेंटर म्हणजे फौजेच्या पुरवठ्याचं माहेरघर. 'सेवा अस्माकं धर्मः' हे कोअरचं ब्रीद. दरवर्षी ८ डिसेंबरला कोअर डे होतो, १७६० पासूनचा इतिहास सांगितला जातो, आणि तो सांगितलाच पाहिजे. त्यात टनांचे आकडे असतात, खेचरांच्या, ट्रकांच्या, विमानांच्या फेऱ्या असतात. पण एवढं सगळं करून पोस्टवर पोचलेला डबा शेवटी एका माणसाच्या हातात येतो. त्याच्याकडे एक धुरकट स्टोव्ह, दोन कांदे आणि घरून आलेली मसाल्याची पुडी असते. समोर न जेवणारा विशीतला जवान असतो.

आपापल्या पलटणीच्या रसोइयाने टिनमधल्या माशाचं काय केलं होतं, ते माजी सैनिकांनी लिहून ठेवावं. साधी रेसिपी असली तरी चालेल, मात्र शेजारी त्या रसोइयाचं नाव आणि पलटण नक्की लिहा. रेजिमेंटच्या इतिहासात त्याला जागा मिळालेली नाही. निदान आपल्या वहीत तरी मिळू दे.