बेलापूरहून पक्षी बघायला कुठे जाल? आणि इथला माळढोक कुठे गेला?

पक्षी आणि बेलापूर म्हटलं की अनेकांना नवी मुंबईच्या खाडीतले फ्लेमिंगो आठवतात. पण अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूरजवळ प्रवरेकाठी असलेलं बेलापूरही पक्षीप्रेमींसाठी मोक्याचं ठिकाण आहे.

भारतात पक्ष्यांच्या 1,300 हून अधिक प्रजातींची नोंद आहे. त्यातले कितीतरी पाणपक्षी बघायला या भागातल्या लोकांना परराज्यात जायची गरज नाही. गंमत म्हणजे ते जिथे उतरतात ते तलाव निसर्गाने नाही, तर पाटबंधाऱ्यांनी घडवले आहेत.

नांदूर मध्यमेश्वर : गाळातून तयार झालेलं अभयारण्य

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा नद्यांच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात बंधारा बांधला गेला. इथून निघणारे गोदावरी कालवे कोपरगाव-राहाता भागाला पाणी देतात. बंधाऱ्यात वर्षानुवर्षं गाळ साचला, उथळ पाणी आणि बेटं तयार झाली आणि पक्षी येऊ लागले. 1986 मध्ये हे अभयारण्य झालं. जानेवारी 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली. इथे 265 पक्षी प्रजातींची नोंद आहे. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, चित्रबलाक आणि जांभळी पाणकोंबडी इथे आरामात दिसतात.

जायकवाडी : प्रवरेचं पाणी जिथे पोहोचतं

बेलापूरहून वाहणारी प्रवरा नेवासा तालुक्यात प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. पुढे हेच पाणी पैठणच्या नाथसागरात जातं. हा जलाशय मोठा, पण उथळ आहे. 1986 मध्ये त्यालाही पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब इथे उतरतात.

आणि भिगवण

उजनी धरणाच्या फुगवट्यावर बोटीतून फ्लेमिंगो बघायचे असतील तर भिगवणला जायला हवं.

जायचं कसं? कधी?

श्रीरामपुरातल्या रेल्वे स्टेशनचं नावच ‘बेलापूर’ आहे. ते दौंड-मनमाड मार्गावर येतं. उत्तरेकडे मनमाडला गाडी बदलून निफाड, तर दक्षिणेकडे दौंडला बदलून भिगवण गाठता येतं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. पहाटे लवकर पोहोचायला हवं. एक गोष्ट लक्षात ठेवा : धरण काठोकाठ भरलेलं असेल तर चिखलात चोच खुपसून खाणाऱ्या पक्ष्यांना जागाच उरत नाही. आवर्तन सुटून पाणी ओसरलं की काठ उघडा पडतो आणि पक्षी जवळ येतात. त्यामुळे निघण्याआधी पाणीपातळीची चौकशी करा.

मग माळढोक कुठे गेला?

ज्या पाण्याने बदकं आणली, त्याच पाण्याने माळरानं शेतीखाली नेली. माळढोक हा उघड्या गवताळ माळावर जगणारा पक्षी. त्याच्यासाठी 1979 मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत तब्बल 8,496 चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. त्यात गावं आणि खासगी शेतंही आली. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आल्याने नाराजी वाढली. 2012 मध्ये हे क्षेत्र सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. शिकार, नांगरलेले माळ आणि विजेच्या तारा यांमुळे देशभरातच माळढोक अतिसंकटग्रस्त झाला आहे. आता तो प्रामुख्याने राजस्थानात उरला आहे.

माळरानावरचे पक्षी बघायचे असतील तर कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीला जा. 1980 मध्ये काळविटांसाठी राखलेलं हे अभयारण्य फक्त 2.17 चौरस किलोमीटरचं आहे. पण ‘पडीक’ वाटणारा माळ किती जिवंत असतो, ते इथे कळतं.

जाताना हे पाळा

- भडक कपडे टाळा, दुर्बीण सोबत ठेवा.
- पक्ष्यांना बोलावण्यासाठी मोबाईलवर त्यांचे आवाज वाजवू नका.
- घरट्याचा फोटो किंवा लोकेशन सोशल मीडियावर टाकू नका.
- ओळख पटत नसेल तर ‘मर्लिन’ हे मोफत ॲप वापरा. दिसलेल्या पक्ष्यांची नोंद ‘ईबर्ड’वर करा.

सुरुवात करायला 5 ते 12 नोव्हेंबरचा आठवडा चांगला आहे. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर आणि डॉ. सालीम अली यांचा 12 नोव्हेंबर. त्यामुळे राज्यात हा आठवडा ‘पक्षी सप्ताह’ म्हणून साजरा होतो.