केळकर, दिनकर गंगाधर

(१० जानेवारी १८९६ – १७ एप्रिल १९९०). मराठी कवी, जुन्या वस्तूंचे संग्राहक आणि पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे संस्थापक. पुण्यात ते ‘काका केळकर’ याच नावाने परिचित होते. ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने त्यांनी कविता लिहिली. ‘अज्ञातनाद’ हा त्यांचा काव्यसंग्रह. चरितार्थाचे साधन चष्म्यांचा व्यवसाय. कवी म्हणून आज त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही. टोपणनाव असे खरे झाले, पण संग्रहाने त्यांना अज्ञातवासात राहू दिले नाही.

वस्तू जमवण्यास त्यांनी १९२०च्या सुमारास सुरुवात केली. त्या काळी इतिहासाची साधने म्हणजे दप्तरे, सनदा, नाणी आणि फार तर तलवारी, अशी पुण्याची समजूत होती. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली स्थापन झाले होते आणि कागदपत्रांची काळजी वाहणारी माणसे शहरात होती. स्वयंपाकघरातल्या पितळेची काळजी मात्र कोणालाच नव्हती. वाडे पडत होते, वाटण्या होत होत्या, आणि आजीच्या वापरातले जड भांडे वजनावर मोडीत जात होते. काकांनी नेमके हेच उचलले. शस्त्रे, चिलखते, लाकडी कोरीव दारे, वाद्ये, चित्रे हे सारे संग्रहात आहेच, आणि कोशकाराच्या सवयीप्रमाणे आधी तेच सांगायला हवे. पण या संग्रहाचे वेगळेपण अडकित्ते, दिवे, वज्र्या, पानाचे डबे, कुंकवाचे करंडे, दौती, सोऱ्या आणि खेळणी यांत आहे.

वज्री म्हणजे न्हाताना टाचा घासण्याचे साधन. काम एवढेच, त्यामुळे खालची बाजू खरखरीत असली की भागले. पण घडवणाऱ्या कारागिराने वरच्या मुठीवर पक्षी बसवला, कुठे हत्ती, कुठे माणसाची आकृती. न्हाणीघरात, जिथे पाहुणा कधी डोकावणार नाही, तिथल्या वस्तूवर ही मेहनत कशासाठी? अडकित्त्याचेही तसेच. सुपारी कातरायला दोन पाती पुरतात. इथे त्या पात्यांचे घोडे होतात, पोपट होतात, स्त्रीपुरुषाची जोडी होते. राजेरजवाड्यांच्या कलेची वाखाणणी करणारे पुष्कळ असतात. घरातल्या बाईच्या हाताखालून रोज जाणारी वस्तू कलावस्तू म्हणून काचेआड मांडण्याची हिंमत त्या काळी थोड्यांनी दाखवली, आणि काका त्यांत ठळक होते. या कामात पत्नी कमलाबाई यांची साथ त्यांना मिळाली. स्त्रियांच्या वापरातल्या वस्तूंकडे या संग्रहाचा जो ओढा आहे, त्याचा विचार करताना त्यांचे नाव वगळता येणार नाही.

दिव्यांवर त्यांचे विशेष प्रेम. समया, लामणदिवे, निरांजने, साखळीने टांगायचे हत्तीचे आणि पक्ष्यांचे दिवे त्यांनी महाराष्ट्राबाहेरूनही मिळवले. भारतीय दिव्यांवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने १९६१ साली प्रसिद्ध केले. १९६०पर्यंत संग्रह पंधरा हजार वस्तूंच्या घरात गेला होता. एका चष्मेवाल्याच्या कमाईतून उभा राहिलेला हा आकडा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे वजन कळते.

वास्तूंकडेही त्यांचे लक्ष होते. कोथरूड येथील मस्तानी महालाचे अवशेष त्यांनी आणवले आणि संग्रहालयात त्याची पुनर्रचना केली. मूळ जागेपासून वास्तू हलवणे आजच्या जतनशास्त्राला सहसा मान्य होणार नाही. पण कोथरूडचे पुढे काय झाले हे पाहिलेला माणूस या बाबतीत काकांना दोष देताना थोडा अडखळेल.

संग्रहालयाच्या नावातला ‘राजा’ हा किताब नाही. तो त्यांचा एकुलता एक मुलगा. तो लहानपणीच वारला आणि वडिलांनी आयुष्यभराचा संग्रह त्याच्या नावावर केला. पहिल्यांदा येणारे पुष्कळ लोक एखाद्या संस्थानिकाचे दालन पाहायला आल्याच्या समजुतीने आत शिरतात.

हा सगळा संग्रह काकांनी महाराष्ट्र शासनाला दान दिला. विकला असता तर परदेशी गिऱ्हाईक सहज मिळाले असते, कारण अशा पितळी आणि हस्तिदंती वस्तूंचा बाजार तोवर तेजीत आला होता. मोडीत जाणारी वस्तू वाचली, तर तिच्या मागे दलाल लागतो. काकांच्या हयातीतच हा फेर पूर्ण झाला. पुणे विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली आणि भारत सरकारने १९८० साली पद्मश्री. तेव्हा ते चौऱ्याऐंशी वर्षांचे होते.

संग्रहालय पुण्यात शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्यालगत नातूबागेत आहे. संग्रहातील वस्तू आता वीस हजारांहून अधिक असून, त्यांतल्या सुमारे अडीच हजार मांडलेल्या आहेत. बाकीच्या जागेअभावी कोठारात आहेत.