नगर-बीड परिसरातील एचआयव्हीबाधित बालकांची घरे

आजारी, दुबळ्या मुलांना घराबाहेर ठेवून सांभाळण्याची रीत नगरच्या परिसरात दुष्काळाच्या काळातही दिसते. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत मिशनऱ्यांनी नगरमध्ये अनाथ मुले सांभाळली. दौंडजवळच्या केडगावी पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात शेकडो मुली-बायका आल्या आणि अंध मुलींसाठी वेगळा विभागही सुरू झाला. ती मुले भुकेने खंगलेली असत. नीट अन्न मिळाले की त्यांतली बरीचशी सावरत. त्यानंतर शंभर वर्षांनी याच भागात ज्यांच्यासाठी घरे उभी राहिली, त्या मुलांचा आजार नुसत्या अन्नाने हटणारा नव्हता.

भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण 1986 मध्ये चेन्नईत सापडले. नगरमध्ये 1989 साली डॉ. गिरीश कुलकर्णी आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या मुलांसाठी काम सुरू केले. त्यातून ‘स्नेहालय’ आकाराला आले आणि पुढे एचआयव्हीबाधित मुलांचे निवासी संगोपनही तिथे होऊ लागले. पुण्यात विजयाताई लवाटे यांनी 1997 मध्ये ‘मानव्य’ स्थापन केली. पंढरपुरात 2001 पासून मंगलताई शहा यांची ‘पालवी’ आहे. बीडजवळ पाली येथे दत्ता आणि संध्या बारगजे यांनी ‘इन्फंट इंडिया’ उभी केली, तर लातूर जिल्ह्यातल्या हासेगावात रवी बापटले यांनी ‘सेवालय’. यांतली एकही संस्था सरकारी योजनेतून जन्मली नाही. नातेवाइकांनी नाकारलेले एखादे मूल कुणीतरी घरी आणले आणि त्याच्यामागून दुसरे आले, अशीच यांतल्या बहुतेक घरांची सुरुवात आहे.

अशा घरांची गरज पाथर्डीत कळते. हा तालुका नगर आणि बीड या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर, बालाघाटच्या डोंगररांगांलगत, पर्जन्यछायेत येतो. मोहटादेवीचे नवरात्र आटोपले, दसरा झाला की इथल्या ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि लहान मुले बरोबर तरी जातात, नाहीतर गावी आजीजवळ राहतात. घरातले मूल एचआयव्हीबाधित असेल, तर हंगामाच्या पाच-सहा महिन्यांत त्याच्या औषधात खंड पडण्याचा धोका मोठा. आई-बाप दोघेही गेलेले असतील तर सगळा भार आजीवर येतो. अक्षरओळख नसलेल्या म्हातारीने वेळेवर औषध द्यावे, तपासणीसाठी मुलाला एसटीने नगरला न्यावे, ही अपेक्षाच अवाजवी आहे. निवासी घराची गरज इथे नुसत्या अनाथपणातून येत नाही, या हंगामी जगण्यातूनही येते.

औषध मिळत नव्हते त्या काळी या घरांतल्या स्वयंसेवकाचे काम कठीण होते आणि ते पुरेसे नोंदले गेलेले नाही. जुलाब, तोंडातली बुरशी, क्षयरोग यांनी खंगलेल्या मुलाला भरवणे, पुसणे, रात्री उशाशी बसणे आणि शेवटी त्याचे अंत्यसंस्कार करणे, हे सगळे बाहेरून आलेली माणसेच करीत. एचआयव्ही स्पर्शाने पसरत नाही हे सांगून पटत नसे. कुणी मुलाला मांडीवर घेतले, त्याच्या ताटाशेजारी ताट मांडले, की पटू लागे. तरीही 2009 मध्ये हासेगावात सेवालयातील मुले शाळेत येतात म्हणून पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली होती.

1 एप्रिल 2004 रोजी सरकारने मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारे औषधोपचार, सुरू केले आणि 2006 च्या अखेरीस मुलांसाठी वेगळा राष्ट्रीय कार्यक्रम आला. मुलांच्या वजनाला योग्य अशा गोळ्या तोवर सर्रास मिळत नसत. मोठ्यांच्या गोळ्या मोडून द्याव्या लागत. पुढेही काम सोपे झाले असे नाही. मुलांचा डोस वजनावर ठरतो, म्हणून वजनकाटा नियमित वापरात असावा लागतो. लोपिनाविर-रिटोनाविरचे पातळ औषध अतिशय कडू आणि थंड जागी ठेवावे लागणारे होते. भारनियमनाच्या मराठवाड्यात ते टिकवणे हीच कसरत होती. डोस वारंवार चुकला की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी मुलाच्या तोंडात गोळी गेली का, हे पाहणारी मावशी या घरांत डॉक्टरइतकीच मोलाची ठरली.

स्वयंसेवकांवरची बंधनेही काळानुसार वाढली आणि ते योग्यच झाले. सर्दी, खोकला, कांजिण्या असलेल्याने मुलांत जाऊ नये. मोठ्यांना किरकोळ वाटणारा संसर्ग अशा मुलाला रुग्णालयात पोहोचवतो. बाल न्याय कायदा निवासी संस्थेतील मुलाची ओळख उघड करू देत नाही. 2017 चा एचआयव्ही कायदा संमतीविना कुणाला एचआयव्ही आहे हे सांगण्यास मनाई करतो. वाढदिवसाचा केक कापून मुलांबरोबर काढलेले फोटो समाजमाध्यमांवर टाकणे या कायद्यांत बसत नाही. एकदाच येऊन खाऊ वाटणाऱ्या पाहुण्यांपेक्षा दर आठवड्याला ठरल्या वारी येऊन गणित शिकवणारा एक माणूस मुलांना अधिक हवा असतो. आधीच आई-बाप गमावलेल्या मुलाला माणसे येऊन-जाऊन राहण्याचा त्रास इतरांपेक्षा जास्त होतो.

गरोदरपणात तपासणी आणि उपचार मिळाले तर आईकडून बाळाला लागण होण्याचे प्रमाण 5 टक्क्यांखाली आणता येते. उपचार नसतील तर ते 15 ते 45 टक्के असते. त्यामुळे या घरांत येणारी नवी बाळे कमी होत आहेत आणि आधीची मुले औषधाच्या जोरावर मोठी झाली आहेत. बाल न्याय कायदा 18 वर्षांनंतर 21 वर्षांपर्यंत अनुरक्षणाची सोय देतो. पण गोळ्या जन्मभराच्या आहेत, आणि नोकरी, भाड्याची खोली, लग्न हे प्रश्न त्या वयातच सुरू होतात. नगर-बीडकडच्या संस्थांना आता भरवणाऱ्या हातांइतकीच गरज आहे ती या तरुणांना काम देणाऱ्या कारखानदारांची, दुकानदारांची आणि खोली देणाऱ्या घरमालकांची.