साबण, सज्जी आणि संगमनेरी शेळी

आमच्या उर्दू शाळेत विज्ञानाच्या तासाला साबणाचा धडा येतो. साबण आपल्या मुलखात कोणी आणला, असे विचारले की वर्गातून एकच उत्तर येते, इंग्रजांनी. उत्तर अगदीच खोटे नाही. १८८८ मध्ये कलकत्त्याच्या बंदरात लिव्हर कंपनीच्या सनलाइट साबणाच्या पेट्या उतरल्या आणि वडीच्या साबणाची बाजारपेठ खरी तेव्हापासून वाढली. पण मग आम्ही मुलांना दोन शब्द फळ्यावर लिहायला सांगतो. एक साबण, दुसरा अलकली.

साबण हा अरबी 'साबून'. लॅटिन 'सापो', फ्रेंच 'सावोन' ही त्याचीच भावंडे, म्हणजे हा शब्द भूमध्य समुद्राच्या दोन्ही काठांवर नांदलेला आहे. आपल्याकडे तो फारसी-अरबीच्या वाटेने आला. अत्तर, हमाम, रुमाल हे सगळे त्याच काफिल्यातले. नगरची निजामशाही १४९० मध्ये उभी राहिली. तिचे बंदर कोकणातले चौल, आणि इराण-अरबस्तानशी व्यवहार तिथून चाले. अलकलीची गोष्ट अधिक सरळ आहे. 'अल-किली' म्हणजे खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या झुडपांची राख. आज जगभरच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकांत हा शब्द आहे, आणि त्याच्या मुळाशी साबणवाल्याची चूल आहे.

ही राख महत्त्वाची का, हे नगर जिल्ह्यात बसून चांगले कळते. आपल्याकडे चुलीत बाभळीची लाकडे जळतात. त्या राखेच्या पाण्यात पोटॅशचे क्षार असतात आणि पोटॅशचा साबण मऊ, लोण्यासारखा होतो. त्याची वडी पडत नाही. खाऱ्या झुडपांच्या राखेत सोडा असतो आणि त्याचा साबण टणक होतो. शामच्या मुलखात अशी झुडपे होती, जैतूनचे तेलही होते. म्हणून हलब आणि नाबलुस ही साबणाची शहरे झाली. हलबमध्ये जैतूनच्या तेलात गार नावाच्या झाडाचे तेल मिसळतात, नाबलुसमध्ये जैतूनवरच भागवतात. २०२४ मध्ये युनेस्कोने या दोन्ही गावांच्या साबणाच्या कलेची नोंद मानवजातीच्या वारशात केली. दोन्ही ठिकाणी युद्धाची राख उडत असताना ही नोंद झाली, हे विसरता येत नाही.

आपल्याकडेही सोड्याची राख होती. तिला सज्जी किंवा सज्जीखार म्हणत. धोबी खाराच्या पाण्यात कपडे भिजवून भट्टी लावत. घरातल्या बायकांचा भर रिठा, शिकेकाई, बेसन आणि मुलतानी मातीवर असे, भांड्यांना राख. साबणाशिवाय लोक अस्वच्छ होते, असा समज कंपन्यांच्या जाहिरातींनी पसरवला. तो आम्हाला मान्य नाही.

विलायती साबणाबरोबर एक जुनी शंकाही घरात आली. यात चरबी कशाची? १८५७ च्या काडतुसांची आठवण ताजी असलेल्या देशात हा प्रश्न हिंदू आणि मुसलमान दोघांनाही पडणारच. गंमत अशी की आपल्या फिकहच्या किताबांत साबणावर चर्चा आधीपासून होती. हनफी फिकहमध्ये इमाम मुहम्मद यांच्या मतावर फतवा आहे की नापाक चरबीचा साबण झाला म्हणजे तिची हकीकतच बदलली, म्हणून तो पाक. याला 'इस्तिहाला' म्हणतात. शाफई मसलकात मात्र ही सवलत इतकी सैल नाही. म्हणजे घाटावरचा हनफी आणि कोकणातला शाफई यांच्या न्हाणीघरात एकाच वडीवर दोन मते असू शकत होती. १९१८ मध्ये अर्देशिर गोदरेज यांनी मुंबईत वनस्पती तेलापासून 'चावी' साबण काढला आणि प्राणिज चरबीचा प्रश्नच बाजूला ठेवला. स्वदेशीच्या काळात त्याला मागणी येण्याचे हेही एक कारण होते.

आता शेळी. तिच्या दुधाचा साबण हल्ली प्रदर्शनांतून आणि बचत गटांच्या टेबलांवर दिसतो. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात उस्मानाबादी शेळीच्या दुधापासून साबण करण्याचे काम अलीकडच्या वर्षांत झाले. आपल्या जिल्ह्याची शेळी संगमनेरी. नगर, नाशिक, पुणे हा तिचा पट्टा, पांढरी, काळी किंवा तपकिरी, दूध आणि मांस दोन्हींसाठी पाळली जाणारी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात या जातीवर संशोधन चालते. (उस्मानाबादचे धाराशिव झाले, अहमदनगरचे २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, शेळ्यांची नावे मात्र अजून जुनीच आहेत.)

हा साबण प्राचीन परंपरेचा आहे असे वेष्टनावर छापलेले आम्ही पाहतो. ते पटत नाही. गरिबाच्या घरी दूध लेकराला आणि चहाला, साबणात ओतायला कोण देईल? दुसरे कारण दुधातच आहे. कॉस्टिक सोडा पाण्यात पडला की पाणी उकळायला येते. दूध त्या उष्णतेत करपते, त्यातली साखर तपकिरी होते, प्रथिने फुटून अमोनियाचा उग्र वास सुटतो. म्हणून दुधाचा आधी बर्फ करावा लागतो. ज्या घरात फ्रीज नव्हता त्या घरात हा साबण होणे कठीण. आमच्या मते ही फ्रीजच्या जमान्याची चीज आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही.

करणाऱ्यांसाठी प्रमाण सांगतो. अर्धा किलो खोबरेल, अर्धा किलो शेंगदाणा तेल, ३०० ग्रॅम दुधाचा बर्फ आणि १५० ग्रॅम शुद्ध कॉस्टिक सोडा. तेल बदलले की सोड्याचे प्रमाणही बदलते. सोडा बर्फावर चिमटी-चिमटीने टाकायचा. दूध सोड्यावर कधीही ओतायचे नाही. भांडे स्टीलचे हवे. जर्मनचे पातेले सोडा खाऊन टाकतो, हे बऱ्याच घरांत ठाऊक नसते. डोळ्यांवर चष्मा, हातांत मोजे, आणि लहान मुले त्या खोलीच्या बाहेर. अंगावर उडालेच तर भरपूर पाण्याने धुवत राहायचे. मग ते तेलात मिसळून कढीइतके दाट होईपर्यंत ढवळायचे, साच्यात ओतायचे आणि वड्या कापून चार ते सहा आठवडे वाळवायच्या. दुधाचा वास त्या काळात उडून जातो.

या साबणाने खरूज-नायटे बरे होतात, असेही विकणारे सांगतात. तसा पुरावा आमच्या पाहण्यात नाही. तो साबण आहे, औषध नव्हे. पण शेळीचा आणि साबणाचा एक संबंध खरा आहे. फ्रेंच रसायनज्ञ शेव्रल यांनी १८२३ मध्ये चरबीवरचा आपला ग्रंथ छापला आणि साबण होताना नेमके काय घडते ते जगाला कळले. चरबीतल्या तीन आम्लांची नावे आज कॅप्रोइक, कॅप्रिलिक आणि कॅप्रिक अशी आहेत. 'काप्रा' म्हणजे लॅटिनमध्ये बकरी. यांतली काही आम्ले खोबरेलातही आहेत, आणि तेल कोणतेही असो, प्रयोगशाळेत त्यांना बकरीच्या नावानेच हाक मारतात.

आमच्या वर्गातल्या काही मुलींच्या आया दोन-तीन शेळ्या राखून घर चालवतात. त्या आम्हाला विचारतात की साबण करावा का. आम्ही सांगतो, आधी मुलीचा पेला भरा, उरेल ते दूध बर्फाला लावा, आणि पहिली वडी बाजारात नेण्याआधी दोन महिने स्वतः वापरून पाहा.