प्रवासात इन्सुलिन गार कसे ठेवावे? यात्रा, एसटी आणि रेल्वे प्रवासासाठी रुग्णांना मार्गदर्शन

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगड येथे महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. डोंगरावर महादेवाचे दर्शन आणि पायथ्याशी ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गा, त्यामुळे दूरदूरच्या गावांतून कुटुंबेच्या कुटुंबे येतात. या गर्दीत मधुमेहाचे रुग्णही असतात. निघण्याच्या आदल्या दिवशी ते डॉक्टरांना हमखास एकच प्रश्न विचारतात: "डॉक्टर, इंजेक्शन तर फ्रीजमध्ये ठेवायचं असतं. मग दिवसभर बाहेर कसं न्यायचं?"

या काळजीपोटी दोन चुका होतात. काही जण इन्सुलिन घरीच ठेवतात आणि डोस चुकवतात. काही जण टपरीवरून बर्फ घेऊन इन्सुलिनची बाटली थेट त्यात बुडवतात. या दोन्ही चुका साध्या उन्हापेक्षा जास्त धोक्याच्या आहेत.

थोडक्यात

- प्रवासात इन्सुलिन बर्फासारखे थंड ठेवायची गरज नसते. ते कडक उष्णतेपासून वाचवायचे असते.
- एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वापरू नये.
- वापरात असलेली बाटली किंवा पेन २५ ते ३० अंश सेल्सिअसच्या आत साधारण ४ आठवडे चालते.
- औषध उन्हात उभ्या गाडीत कधीही ठेवू नका.
- इन्सुलिन घरी विसरण्यापेक्षा ते थोडे कोमट झालेले परवडते.

उष्णतेने काय होते, गोठल्याने काय होते?

इन्सुलिन हे एक प्रथिन आहे. अंडे उकडले की त्यातले प्रथिन बदलते आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. इन्सुलिनचेही तसेच आहे, फक्त साध्या उष्म्यात हा बदल हळूहळू, दिवसांच्या आणि आठवड्यांच्या हिशेबाने होतो. दुपारचे दोन-तीन तास बाटली ३५ अंशांत राहिली म्हणून ती निकामी होत नाही.

गोठण्याचे तसे नाही. तिथे नुकसान एकाच वेळेत होते. इन्सुलिनचे कण एकमेकांना चिकटतात, गढूळ इन्सुलिनमध्ये गुठळ्या होतात आणि प्रत्येक डोसमध्ये किती औषध येईल याचा भरवसा उरत नाही. म्हणून इन्सुलिन फ्रीझरमध्ये, फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकवून किंवा बर्फाला चिकटवून ठेवू नये.

किती तापमान, किती दिवस?

न उघडलेले इन्सुलिन फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावे. तिथे ते खोक्यावरील मुदतीपर्यंत टिकते. उघडलेली बाटली किंवा वापरातले पेन खोलीच्या तापमानात, २५ ते ३० अंशांच्या आत, बहुतेक प्रकारांत २८ दिवस चालते. काही प्रकारांत ही मुदत ६ ते ८ आठवडे असते. तुमच्या इन्सुलिनची मुदत खोक्यातील पत्रकावर पाहा आणि बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर पेनने लिहून ठेवा.

फ्रीज नसलेल्या घरांसाठी संशोधनातून दिलासा मिळाला आहे. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स ही संस्था आणि जिनिव्हा विद्यापीठ यांनी २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. केनियातील निर्वासितांच्या छावणीत घरातले तापमान दिवसरात्रीत २५ ते ३७ अंशांत बदलत होते. तशा तापमानात ४ आठवडे ठेवलेल्या इन्सुलिनची ताकद टिकून राहिली. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यातही न उघडलेले ह्युमन इन्सुलिन २५ अंशांत ६ महिने आणि ३७ अंशांत २ महिने ठेवले तरी त्याची ताकद फारशी घटली नाही, असे आढळले.

याचा अर्थ फ्रीज नकोच, असा नाही. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या घरात त्याहून चढतो. या अभ्यासांत इतकी उष्णता नव्हती. पण एका दिवसाच्या यात्रेत औषध वाया जाईल अशी भीती बाळगायचे कारण नाही.

निघण्यापूर्वी

- लागणारे इन्सुलिन दुप्पट घ्या आणि ते दोन पिशव्यांत विभागून ठेवा. एक पिशवी हरवली तरी दुसरी हाताशी राहील.
- डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. तिचा फोटो मोबाईलमध्येही असू द्या.
- शुगर तपासण्याचे मशीन आणि पट्ट्या घ्या. पट्ट्यांच्या डबीचे झाकण घट्ट लावा. उष्णता आणि दमटपणा लागला तर पट्ट्या चुकीचा आकडा दाखवतात. पट्ट्या फ्रीजमध्ये किंवा बर्फाजवळ ठेवू नका.
- साखर किंवा ग्लुकोज खिशात ठेवा. चढणीने शुगर उतरते, आणि अंग तापलेले असताना घेतलेले इन्सुलिन रक्तात लवकर शोषले जाते.
- महाशिवरात्रीचा उपवास करावा का, केला तर डोस किती घ्यावा, हे निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा.

इन्सुलिन गार ठेवण्याचे मार्ग

*१. ओले फडके.* बाटली किंवा पेन प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा, छोट्या डब्यात ठेवा आणि डब्याभोवती ओले सुती फडके गुंडाळा. फडके वाळले की पुन्हा ओले करा. डबा सावलीत, वारा लागेल असा ठेवा. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते तेच इथे घडते: पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते. मुक्कामाच्या ठिकाणी औषधाचा बंद डबा माठाला टेकवून ओल्या फडक्याने झाकला तरी चालतो. कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय उत्तम काम करतो. पावसाळ्यात हवा दमट असते आणि पाणी नीट उडत नाही, त्यामुळे त्याचा गुण कमी होतो. उन्हाळ्यात चांगला चालणारा कूलर आषाढात कुचकामी ठरतो, ते याच कारणाने.

*२. पाण्यात भिजवायची गार पिशवी.* औषधाच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या या पिशवीत पाणी शोषणारे जेलचे दाणे असतात. ती काही मिनिटे भिजवली की बरेच तास, अनेकदा दिवस-दोन दिवस गार राहते. तिला वारा लागणे आवश्यक आहे. बंद बॅगेच्या तळाशी ठेवली तर उपयोग होत नाही.

*३. थर्मास.* रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये गार पाणी भरून दहा मिनिटांनी ओतून टाका. आतून कोरडा करा आणि फडक्यात गुंडाळलेले इन्सुलिन आत ठेवा. थर्मास वारंवार उघडू नका. एका दिवसाच्या यात्रेसाठी हा सर्वांत सोपा उपाय आहे.

*४. आईसपॅक.* लांबच्या प्रवासात न उघडलेल्या बाटल्या न्यायच्या असतील तरच याची गरज पडते. लसीकरणाला येणाऱ्या परिचारिकेच्या निळ्या डब्यातला नियम इथेही पाळा. फ्रीझरमधून काढलेला आईसपॅक त्या लगेच डब्यात भरत नाहीत. तो बाहेर ठेवतात आणि हलवल्यावर आत पाणी खळखळल्याचा आवाज आला की मगच वापरतात, कारण अनेक लसीही गोठल्या की निकामी होतात. तसा थोडा वितळलेला आईसपॅक जाड फडक्यात गुंडाळा. औषध आणि आईसपॅक एकमेकांना टेकणार नाहीत असे ठेवा.

कोणत्या प्रवासात काय काळजी घ्यावी?

*यात्रेत पायी:* औषध अंगालगतच्या खिशात ठेवू नका. अंगाची उष्णता ३७ अंशांच्या आसपास असते. खांद्यावरच्या पिशवीत, पाण्याच्या बाटलीशेजारी फडक्यात गुंडाळून ठेवा. पेनला सुई लावून ठेवू नका. तापमान बदलले की सुईतून औषध गळते किंवा हवा आत जाते.

*गाडी आणि एसटी:* उन्हात बंद उभ्या गाडीच्या आतले तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा सुमारे २० अंशांनी वाढू शकते. डॅशबोर्ड आणि डिक्की या सर्वांत वाईट जागा. गाडी लावून गड चढायला जाल तेव्हा औषध सोबत घ्या. मोटारसायकलच्या डिक्कीतही ठेवू नका. एसटीत पिशवी इंजिनाजवळ किंवा उन्हाच्या बाजूच्या खिडकीत नको.

*रेल्वे:* गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस वाटेत एक दिवसाहून जास्त वेळ घेते. स्लीपर डब्यात औषध सावलीच्या बाजूला ठेवा आणि ओल्या फडक्याचा किंवा गार पिशवीचा उपाय करा. एसी डब्यात वेगळे काही करावे लागत नाही.

*विमान:* इन्सुलिन नेहमी हातातल्या बॅगेत घ्या, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असू द्या. सामानाच्या कप्प्यात दिलेली बॅग उशिरा मिळू शकते आणि तिथे औषध गोठण्याचाही धोका असतो.

इन्सुलिन खराब झाले हे कसे ओळखावे?

पाण्यासारखे स्वच्छ असायला हवे ते इन्सुलिन गढूळ दिसले, रंग बदलला किंवा तंतू दिसले तर ते टाकून द्या. मुळातच गढूळ असलेले इन्सुलिन हातांत हळूवार फिरवल्यावर एकसारखे दुधाळ दिसले पाहिजे. गुठळ्या राहिल्या किंवा काचेला पांढरा थर चिकटला तर ते वापरू नका.

पण ताकद कमी झालेले इन्सुलिन दिसायला अगदी चांगले असू शकते. म्हणून खरी परीक्षा शुगरच्या आकड्यावर होते. नेहमीचा डोस घेऊनही शुगर सारखी जास्त येत असेल तर आधी साधी कारणे पाहा: प्रसाद जास्त झाला का, डोस चुकला का, ताप आहे का, सुई वाकली आहे का. यातले काही नसेल तर नवी बाटली उघडा.

इथे एक चूक टाळा. शुगर उतरत नाही म्हणून स्वतःहून डोस वाढवत जाऊ नका. वाढवलेला तोच डोस नव्या, पूर्ण ताकदीच्या बाटलीतून घेतला तर शुगर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. नवी बाटली उघडल्यावर डॉक्टरांनी दिलेल्या मूळ डोसवर या आणि शुगर वरचेवर तपासा.

ताबडतोब दवाखान्यात केव्हा जावे?

शुगर २५० च्या वर टिकून आहे आणि सोबत मळमळ, उलट्या, पोटदुखी, खूप तहान, धाप, श्वासाला फळासारखा वास किंवा गुंगी यांपैकी काही आहे, तर वाट पाहू नका. १०८ वर रुग्णवाहिका बोलवा किंवा जवळचे ग्रामीण रुग्णालय गाठा. टाइप १ मधुमेहाच्या मुलांमध्ये इन्सुलिन बंद पडल्यास ही अवस्था काही तासांतही येऊ शकते. त्यांचे इन्सुलिन कोणत्याही कारणाने थांबवू नका, मूल काही खात नसले तरीही. डोस किती द्यायचा ते डॉक्टरांना फोन करून विचारा.

वाटेत नवी बाटली घ्यावी लागली तर

आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात: १ मिलीमध्ये ४० युनिट आणि १ मिलीमध्ये १०० युनिट. ४० च्या बाटलीची सिरिंज लाल टोपणाची असते, १०० च्या बाटलीची नारिंगी. १०० ची बाटली लाल टोपणाच्या सिरिंजने भरली तर अडीचपट डोस जातो. दुकानदाराला रिकामी बाटली आणि सिरिंज दोन्ही दाखवा. दुकानातले इन्सुलिन फ्रीजमधून काढून दिले जात आहे ना, हेही पाहा.

इतर कोणत्या औषधांना जपावे?

- मधुमेह व वजनासाठीची लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड ही पेन: न उघडलेली फ्रीजमध्ये. गोठली तर टाकून द्या.
- डायलिसिसच्या रुग्णांचे एरिथ्रोपोएटिन इंजेक्शन: फ्रीजमध्ये ठेवावे, गोठू देऊ नये, जोरात हलवू नये.
- काचबिंदूचे लॅटानोप्रॉस्ट थेंब: बहुतेक ब्रँड उघडण्यापूर्वी फ्रीजमध्ये, उघडल्यावर २५ अंशांच्या आत साधारण ६ आठवडे.
- मुलांचे पाणी घालून तयार केलेले अँटिबायोटिक सिरप: बरीच सिरप फ्रीजमध्ये ठेवून ठरावीक दिवसांत संपवावी लागतात. लेबल वाचा.
- दम्याचा पंप: फ्रीज नको, पण तापलेल्या गाडीत ठेवू नका. डबी फुटू शकते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*फ्रीजमधून काढलेले इन्सुलिन परत फ्रीजमध्ये ठेवता येते का?* न उघडलेली बाटली थोडा वेळ बाहेर राहिली तर हरकत नाही. पण बाहेर राहिलेले दिवस मुदतीत मोजा.

*थंडीत गोंदियात पारा ७-८ अंशांवर येतो. तेव्हा?* इन्सुलिन त्या तापमानात गोठत नाही. फक्त गार इंजेक्शन टोचताना जास्त दुखते, म्हणून आधी थोडा वेळ तळहातात धरा.

*वीज गेली तर?* फ्रीज उघडू नका. आतला गारवा काही तास टिकतो.

यात्रेहून परतल्यावर आणखी एक काम करा. पुढचे दोन-तीन दिवस शुगर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा. आकडे पूर्वीसारखे असतील तर तुमचे इन्सुलिन प्रवासात सुखरूप राहिले असे समजा आणि तीच बाटली मुदतीपर्यंत वापरा.