‘फॉल्स’ म्हणजे नेमकं काय?

कॉलेजात पहिल्यांदा गॅप हे गणिती सॉफ्टवेअर उघडलं, तेव्हा त्यात बग सापडला असं वाटून मी खूश झालो होतो. तीन वस्तूंचा क्रम बदलण्याचे सहा प्रकार, हा एक ग्रुप. समभुज त्रिकोण फिरवण्या-उलटवण्याचे सहा प्रकार, हा दुसरा. त्रिकोणाच्या कोपऱ्यांना १, २, ३ आकडे दिले की दोन्ही एकच आहेत हे लगेच दिसतं. मी मध्ये बरोबरचं चिन्ह टाकलं. उत्तर आलं : फॉल्स.

बग माझ्या प्रश्नात होता.

गॅपचं काम १९८६ मध्ये जर्मनीतल्या आखेनमध्ये योआखिम नॉयब्युझर यांच्या पुढाकाराने सुरू झालं. तिथे बरोबरचं चिन्ह एवढंच विचारतं, की दोन्हीकडे अगदी तेच घटक आहेत का? माझ्या दोन ग्रुपचे घटक वेगळ्या पद्धतीने लिहिलेले होते. रचना सारखी आहे का, म्हणजे ग्रुप आयसोमॉर्फिक आहेत का, हे विचारायला वेगळं फंक्शन आहे. ते चालवलं आणि गॅपनं दोन्हींमधली जुळणी हातात दिली.

मग दोन्ही प्रश्न एकाच चिन्हात का नाही बसवले? कारण कंप्युटरपेक्षा जुनं आहे. काही जनरेटर आणि त्यांचे नियम सांगून दोन ग्रुप दिले, तर ते आयसोमॉर्फिक आहेत का हे ठरवायची रीत कोणती? १९११ मध्ये माक्स डेन यांनी हे विचारलं. १९५० च्या दशकात सर्गेई आद्यान आणि मायकेल राबिन यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केलं, की सगळ्यांना लागू पडेल अशी रीत असूच शकत नाही. बरोबरच्या चिन्हाने हा प्रश्न अंगावर घेतला असता, तर साधी तुलना करतानाही प्रोग्राम कायमचा अडकू शकला असता.

मोजके घटक असलेल्या ग्रुपसाठी रीत आहे, पण तिथेही चूक होते. बेशे, आइक आणि ओब्रायन यांच्या २००२ च्या शोधनिबंधात १०२४ घटकांचे, एकमेकांहून खरोखर वेगळे ग्रुप ४९,४८,७३,६५,४२२ असल्याचं नोंदलं होतं. सुमारे वीस वर्षांनी डेव्हिड बरेल यांनी आकडा दुरुस्त केला : ४९,४८,७३,६७,२८९. म्हणजे १,८६७ ग्रुप मोजायचे राहिले होते.

गेल्या वर्षी नाव आणि जन्मतारीख जुळली म्हणून माझ्या कोडने दोन ग्राहकांच्या नोंदी एक केल्या. माणसं वेगळी होती. एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात दिसले आणि ते निस्तरायला आठवडा गेला.

तेव्हापासून बरोबरचं चिन्ह टाइप करण्याआधी मी स्वतःला विचारतो : बरोबर, पण कशात?